आईची बॅग, लाल चिंधी अन् दीड हजाराचं बटन

आठ दिवसांपासून जो दुकानात येते तो एकच विचारते, की भाऊ ते बॅगचं खरं आहे का, मोबाईलमधे बॅग दिसली म्हणे तुमाले. म्हणून एकदाचं लिहून टाकतो, आता जो विचारेल त्याला लिंक पाठवतो. कापसाच्या सीझनमधे एकच गोष्ट धा वेळा सांगत बसायला मला टाइम नाही.

माझं मोबाईलचं दुकान आहे, रिचार्ज, ग्लास, चार्जर, डिस्प्ले बदलून देणं वगैरे. दारव्हा तालुक्यात, गावाचं नाव बोरगाव समजा (हे नाव पुढं कामाचं आहे, लक्षात ठेवा). मागच्या वर्षी होलसेलवाल्यानं माल घेताना एक टॅग गळ्यात मारला, सामानात टाकला की सामान कुठं आहे ते फोनवर दाखवते तो, भाऊ घेऊन तर पाहा, हे आता लय चालून राहिलं म्हणे. दीड हजाराचा. सुपारीएवढं पांढरं प्लॅस्टिक, एक भोक, आत घड्याळात टाकतो तसला चपटा सेल. काउंटरवर ठेवला तर लोक हातात घेऊन पाहत अन् किंमत ऐकून असे ठेवून देत जसं काय चटका बसला. एक बाबाजी तर म्हणे, "दीड हजारात शेळीचं पिल्लू येते बाबू, अन् ते हरवलं तर आवाज बी देते." आता याला काय उत्तर देता? सहा महिने पडून राहिला, मग मीच सेल टाकला अन् माझ्या फोनला जोडून घेतला.

दिवाळी झाल्यावर आई पुण्याला गेली बहिणीकडं, नातवाला पाहायला. जाताना दोन स्टीलचे डबे, एकात सरगुंडे अन् एकात मुंगवड्या, शिवाय तुरीची डाळ, जवसाची चटणी, बॅग उचलता उचलेना. बॅग तीच सगळ्यांकडं असते ती, काळी, चाकाची, एक चाक मोडलेलं. आईनं मुठीला जुन्या साडीच्या काठाची लाल चिंधी बांधली, ओळखू यायला पाहिजे म्हणून. मी म्हटलं थांब, हे बटन पण टाकतो, अन् आतल्या चेनच्या कप्प्यात टॅग टाकून दिला. आईनं विचारलं, "काय हाय हे? कायले टाकतं?" म्हटलं बॅग कुठं आहे ते मला इथं दिसते. तर म्हणे, "बॅग माह्याजवळच राहीन ना, तुले पाहून काय करायचं हाय?"

जाताना काही झालं नाही. येताना झालं.

ट्रॅव्हल्स पुण्याहून रात्री निघते, संभाजीनगरावरून समृद्धीला लागते, कारंज्याला खाली उतरते अन् मग दारव्हा, यवतमाळ. समृद्धी आहे ७०१ किलोमीटर, गाडी त्याच्यावर पळते भन्नाट, खरा घोळ होते तो उतरल्यावर, पहाटे पाचला, अंधारात, अर्धे लोक झोपेत, क्लीनर डिक्की उघडून टॉर्च मारते अन् घ्या घ्या लवकर घ्या करते. दारव्ह्याला आई उतरली, लाल चिंधीवाली काळी बॅग घेतली, मी मोटरसायकल घेऊन उभाच होतो, घरी आलो. चहा झाला, आईनं चेन उघडली अन् वर निघालं लहान लेकराचं स्वेटर, एक धोतर, बीपीच्या गोळ्यांची पिशवी. आई पाहतच राहिली. चिंधी लाल, बॅग काळी, चाक पण मोडकं, पण बॅग दुसऱ्याचीच. म्हणजे ज्या चिंधीनं ओळखायचं त्याच चिंधीनं घोटाळा केला. नंतर मी मुद्दाम लक्ष देऊन पाहिलं, कोणत्याही डिक्कीत पाहा, चार बॅगांना तरी लाल चिंधी असते.

ट्रॅव्हल्सच्या ऑफिसला फोन लावला. पहिला म्हणे क्लीनरला विचारतो, दुसरा म्हणे क्लीनर आज सुट्टीवर आहे, तिसरा म्हणे भाऊ तिकिटावर वाचा, सामान आपल्या जोखमीवर. वाचलं. लिहिलेलं होतं.

आईला साड्यांचं दुःख नव्हतं, वाकळ शिवायला बहिणीनं जुन्या साड्या दिल्या होत्या तेवढंच. दुःख डब्यांचं. लग्नातले डबे, नाव टाकलेले. वर आणखी ते भरलेले होते, कारण लेकीच्या घरून डबा रिकामा आणत नसतात, एकात साखर अन् एकात शेंगदाणे टाकून दिले होते. "तेहतीस वर्साचे डबे हायत माहे," एवढं बोलून आई जी गप्प बसली ती बसलीच. आई गप्प बसली की आमच्या घरी सगळ्यांना टेन्शन.

मी फोन काढला. टॅग शेवटचा दिसला कारंज्याला, पहाटे ५ वाजून १० मिनिटं. मी खुश, म्हटलं कारंजा तर कारंजा, जाऊन आणतो. पण तो टिपका काही हलेना. दुपार झाली, संध्याकाळ झाली, तेच कारंजा, तेच ५ वाजून १०. सकाळी गावातले चार जण दुकानात जमून म्हणे सॅटेलाइटनं पाह्य ना बे, सॅटेलाइटनं.

आता हेच लोकांना कळत नाही म्हणून जरा नीट सांगतो. त्या टॅगमधे जीपीएस नसतं. सिम पण नसते. आपण कुठं आहो हे त्या बिचाऱ्याला स्वतःला माहीत नसते. तो फक्त ब्लूटूथवर मी हाय, मी हाय करत राहते, धा-पंधरा मीटरपर्यंत. जवळून ज्याचा फोन जाईल तो फोन ते ऐकते अन् स्वतःची जागा गुपचूप वर पाठवते, ज्याचा फोन आहे त्याला पत्ता पण नसते, अन् ती जागा कुलूप लावून जाते, टॅगच्या मालकाशिवाय कोणी वाचू शकत नाही. ॲपलनं एअरटॅग काढला एप्रिल २०२१ मधे, इकडं तेव्हा ३१९० रुपयांचा, तो आयफोनांच्या भरवशावर चालते. आमच्या गावात आयफोन दोन, त्यातला एक माझ्याच दुकानात डिस्प्ले फुटून पडला आहे. मग ॲन्ड्रॉइडवाल्यांचं नेटवर्क गूगलनं एप्रिल २०२४ मधे सुरू केलं, आता त्याला फाइंड हब म्हणतात, माझा टॅग त्याच्यावरचा. ॲन्ड्रॉइड तर गल्लीगल्लीत आहे, मग अडचण काय?

अडचण अशी की गूगलनं त्यात एक मेख मारून ठेवली आहे. सेटिंगमधे आधीपासूनच गर्दीच्या ठिकाणापुरतं असं टिक केलेलं असते. म्हणजे एकट्या फोननं टॅग पाहिला तर ते मालकाला दाखवत नाही, बाकीच्या फोनांनी पण तिथंच पाहिलं तर मग टिपका उमटते. ते बदलून 'सगळीकडं' असं करता येते, पण तेवढं आत जाऊन कोण पाहते, माझ्या दुकानात येणाऱ्यांपैकी तर कोणीच नाही. कारण विचाराल तर बरोबर आहे त्यांचं, नाहीतर कोणी कोणाच्या पर्समधे टॅग टाकून तिचं एकटं घर शोधून काढेल. पुण्यात-मुंबईत ठीक आहे, तिथं बॅगेजवळून मिनिटाला पन्नास फोन जातात. इकडं पऱ्हाटीच्या वावराशेजारच्या घरात बॅग पडली असेल तर दिवसभरात तिच्याजवळून जाणार कोण, घरचे चार लोक अन् एक बैल.

विमानवाल्यांची गोष्ट वेगळी. एअरपोर्टवर फोनच फोन असतात म्हणून तिथं टॅग झकास चालते. ऑक्टोबर २०२२ मधे लुफ्तान्सानं म्हटलं होतं की चेक-इन बॅगेत चालू टॅग चालणार नाही, केवढा गोंधळ झाला, मग चार दिवसांत जर्मनीच्या विमान खात्यानं सांगितलं की एवढ्याशा सेलनं काही होत नाही, तेव्हा गप्प बसले. आता तर आयफोनवाल्यांना बॅगेची जागा लिंक करून विमान कंपनीलाच पाठवता येते. आमच्या ट्रॅव्हल्सवाल्याला मी पण स्क्रीनशॉट पाठवला होता. त्यानं अंगठा दाखवला, बस.

दोन दिवस असेच गेले. बुधवारी पावणेबाराला मी एका पोराच्या फोनला ग्लास लावून राहिलो होतो अन् सहज ॲप उघडलं, तर टिपका! कारंज्यावरून उठून पार मानोरा तालुक्यात, एका गावात (नाव लिहीत नाही, त्या लोकांना उगाच त्रास). ग्लास वाकडा लागला, पोराला दुसरा फुकट द्यावा लागला. पण डोक्यात एकच, दोन दिवस मेलेला टॅग आजच कसा जागा झाला? तेवढ्यात समोरून एक काकू म्हणाल्या लवकर दे बाबू, मले बाजाराले जायचं हाय, अन् माझी ट्यूब पेटली. तिथं बुधवारचा बाजार असेल. झाली ना गर्दी! नेटवर्क काय अन् सर्व्हर काय, त्या गावापुरतं गूगल आठवड्यातून एक दिवस चालू असते.

दोस्ताला घेतलं, ती दुसरी बॅग मोटरसायकलवर मधे धरली अन् निघालो. गावात पोचलो तर खरंच बाजार, वांगे, सांबार (म्हणजे कोथिंबीर), मिरच्या, चप्पलवाले, भज्यांचा घाणा. टिपक्याभोवती जो गोल दाखवते त्याच्यात अर्धा बाजार, एक मंदिर अन् तीन गल्ल्या येत होत्या. आवाज वाजवायचं बटन दाबलं तर म्हणे जवळ जा. कोणाच्या जवळ जाऊ? दोस्त सरळ पानटपरीवर गेला अन् विचारलं, सोमवारी पहाटे पुण्याहून कोण आलं हो तुमच्या गावात? टपरीवाल्यानं चुन्याची काडीसुद्धा खाली ठेवली नाही, तसंच बोट दाखवलं, ते मंदिरामागचं निळ्या दाराचं.

दाराजवळ गेलो अन् पुन्हा बटन दाबलं. आतून बारीक टुंय टुंय ऐकू आलं, ओट्यावरची शेळी दचकून उभी राहिली, अन् एक म्हातारे बाबाजी बाहेर आले. मी सांगायला सुरुवात करणार की बाबाजी, ट्रॅव्हल्समधे असं असं झालं, तर ते आमच्या हातातल्या बॅगेकडं पाहून म्हणे, "बोरगाववाले का तुमी?"

मी थंडच पडलो. यांना बोरगाव कसं माहीत?

आत नेलं. खाटेवर आईची बॅग, अन् बाजूला दोन्ही डबे, जसेच्या तसे भरलेले. बाबाजींनी एक डबा उचलून उलटा-सुलटा केला अन् बोट फिरवत वाचून दाखवलं, आईचं नाव, बाबांचं नाव, मु. बोरगाव, अन् लग्नाची तारीख. "नाव तं सापडलं बाबू, पण बोरगाव कोन्तं? पयले वाटलं बोरगाव मंजू असंन, तिकडं आमचे पाहुणे हायत, त्यायले फोन केला, ते म्हनले असं आडनाव आमच्या इकडं नाई. मंग यवतमायच्या अंगाले दोन-तीन बोरगावं निंगाले. आता आज बाजारात तीन-चार दुकानदारायले सांगून ठेवलं, जो जाईन त्या गावाले तो विचारीन." म्हणजे मी इकडं दोन दिवस फोन घेऊन हवेत बोटं मारत होतो अन् बाबाजींचं नेटवर्क तिकडं कधीचं चालू झालं होतं.

मी त्यांच्या मुलाला विचारलं, तुमच्या फोनवर काही मेसेज नाही आला का, अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरून राहिला असा? तो म्हणे आला होता ना, मंगळवारी रात्री, पण मला वाटलं फ्रॉडवाल्यांचं आहे, मी उडवून दिलं. आता बोला. ॲपल अन् गूगल दोघांनी मिळून मे २०२४ मधे ही सोय सगळ्या फोनांत आणली, की दुसऱ्याचा टॅग तुमच्यासोबत फिरत असेल तर फोन स्वतःहून सांगते, त्यातूनच टॅगचा आवाज वाजवता येते, अन् टॅग फोनमागं लावला तर कोणाचा आहे त्याची थोडी माहिती पण मिळते. तुम्हाला कधी असा मेसेज आला तर उडवू नका, एवढं माझं ऐका. पण त्याला तरी काय म्हणू, दिवसाला पाच फ्रॉडचे मेसेज येतात, मीच सगळ्यांना सांगत असतो की अनोळखी काही आलं की उडवा.

आजीबाईंनी स्वतःच्या बॅगेतून आधी गोळ्यांची पिशवी काढली, दोन दिवस मेडिकलमधून सुट्या आणून घेत होत्या म्हणे. मग चहा, मग भजे, मग जेवूनच जा. साखर-शेंगदाण्याला कोणी हात लावला नव्हता, अन् निघताना आजीबाईंनी डब्यात जी थोडी जागा उरली होती त्यात खारोड्या कोंबल्या, कारण त्यांच्या घरून पण डबा तसाच कसा जाईल.

घरी आल्यावर आईनं आधी डबे मोजले. दोनच होते, तरी मोजले.

शुक्रवारी आमच्या गावचा बाजार. बांगड्यावाली कासारीण दरवेळी आमच्या ओट्यावर पाणी प्यायला बसते. पाणी पिऊन झालं अन् म्हणे, "काहो बाई, तुमची बॅग हरवली का? तिकडं मानोऱ्याकडं एका घरी नाव टाकलेले डबे सापडले म्हनतेत, मले दिग्रसच्या बाजारात एका मसालेवाल्यानं सांगतलं." दोन दिवस उशीर झाला, पण निरोप आला, अन् बरोब्बर आमच्याच बोरगावात आला.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं माझं बटन दोन दिवस आधी पोचलं ना. ती काही बोलली नाही. पण रात्री जेवताना म्हणे, "ते बटन दे मले उद्या, भांड्याच्या दुकानात जाऊन त्याच्यावर नाव टाकून आनतो." मी सांगितलं की ते प्लॅस्टिकचं आहे, मशीननं चिरून जाईल. तरी घेऊन गेली. भांडेवाल्यानं पण तेच सांगितलं म्हणे, मग शेवटी त्याच्याच मार्करनं लिहून आणलं, एवढ्याशा जागेत, आईचं नाव, बोरगाव, अन् खाली कंसात ता. दारव्हा.