उद्यमबागेतला चेन-ब्लॉक

बेळगावला मी गेलो होतो भाषण द्यायला. विषय, कणभौतिकीचे महाकाय डिटेक्टर. सभागृह अर्धं रिकामं, प्रोजेक्टरचा रंग हिरवट, प्रश्न एकही नाही. निपाणी-संकेश्वर करत एसटीत पाय आखडून आलो त्याचं दुखणं मात्र दोन दिवस पुरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ज्यांच्याकडे उतरलो होतो ते काका म्हणाले, "झोपणार असाल तर झोपा, नाहीतर शॉपवर चला की." ताटात इतकं वाढलं होतं की झोपच हवी होती, पण बेळगावच्या यजमानाला नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही.

उद्यमबागेतलं छोटं मशीन शॉप. बिडाची एक पंपाची बॉडी चेन-ब्लॉकला टांगलेली. मिस्त्री एका तळहाताने ती थोपवून धरत होते, दुसऱ्या हाताने पोराला खुणावत होते. "सोड... सोड... बस." बॉडी बेडवर टेकली, आवाजसुद्धा झाला नाही.

मला राहवलं नाही. सांगितलं, फ्रान्समधल्या सेसी गावात सीएमएस नावाचा डिटेक्टर, म्हणजे कणांच्या टकरी टिपणारं यंत्र, असाच उतरवला. वजन 14,000 टन, लांबी 21 मीटर. जमिनीवर जोडला आणि 15 तुकडे करून शंभर मीटर खोल सोडला. सगळ्यात जड तुकडा सुमारे 1,920 टनांचा, 28 फेब्रुवारी 2007 ला उतरवला. भिंतीपासून अंतर जेमतेम 20 सेंटिमीटर, पूर्ण दिवस गेला. वर मी अशी वाट बघितली, जशी वक्ते टाळ्यांची बघतात.

मिस्त्रींनी डायल लावला. "घातलं ते बरं केलं. पण आत काय बिघडलं तर काढायचं कसं?"

इतकी वर्षं हे भाषण देतोय. हिग्ज नावाचा कण येतो, तो सापडल्याचं 2012 येतं, दुरुस्ती कधीच येत नाही. खरं तर सगळा आराखडा याच प्रश्नावर बेतलाय. म्हणूनच तो पावाच्या स्लाइससारखा कापलेला आहे. एकेक चकती खाली हवेचा दाब देऊन अलगद उचलायची आणि सरकवायची. 2017 च्या सुरुवातीला पोटातला, कणांचा माग काढणारा पिक्सेल डिटेक्टर बदलला तोसुद्धा असंच उघडून. सांगता सांगता मलाच पहिल्यांदा नीट कळत होतं.

मग प्रश्न थांबेनात. एवढं लोखंड कशाला? मधल्या सोलेनॉइडचं, म्हणजे गुंडाळीच्या चुंबकाचं, चुंबकीय क्षेत्र 3.8 टेस्ला, ते परत फिरवून आणायला. चुंबक चालू केला की ते लोखंड हलत नाही का? हलतं तर! टोकाच्या चकत्या काही मिलिमीटर आत ओढल्या जातात, म्हणून जागा मोजायला लेझर लावलेत. "मिलिमीटर?" मिस्त्री हसले. आमच्याकडे मिलिमीटर म्हणजे माल परत, असा तो हसण्याचा अर्थ.

पितळेचा किस्सा मात्र त्यांना फार आवडला. टोकाकडच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरला, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाला, चुंबकाने ओढला न जाणारा जड धातू हवा होता. रशियन नौदलाच्या जुन्या तोफगोळ्यांच्या पितळी खोळ्या वितळवून त्याच्या तक्त्या केल्या. "मोडीचं पितळ व्हय!" पोरगा भट्टीकडे बघूनच हसला.

भारताचा वाटा सांगताना चूक झाली. सीएमएसमध्ये कणांची टक्कर घडवणाऱ्या एलएचसी यंत्राच्या चुंबकांना तोलून धरणारे, सूक्ष्म समायोजनाचे 7,080 जॅक आपण पाठवले, इंदूर आणि बेंगळूरला बनले, असं म्हणालो. काका लगेच, "बेंगळूरच. आम्ही इकडं पिढ्यान्‌पिढ्या ओततोय, आमच्याकडं कोण येणार?" यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. कुंद्याचा डबा हातात होता, तो उगाच उघडून बघितला.

पाचची एसटी होती. उठलो तर मिस्त्री म्हणाले, "थांबा सर, दोन रेघा अजून बाहेर आहे." बोल्ट ढिले केले, एका बाजूला पातळ शिम सारली, परत आवळले. डायलचा काटा एकदाचा जागच्या जागी राहिला तेव्हा साडेपाच झाले होते. पुढच्या गाडीत उभ्यानेच आलो.