आधी फोनवरचे प्रश्न, मग वेबसाइट

जुन्या लाकडी खुर्च्या-टेबलं दुरुस्त करायचं काम सुरू केलं आणि वेबसाइट स्वतःच करायची ठरवली. हौस म्हणून नाही. ज्याला काम देणार होतो तो डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घेऊ म्हणत होता. उद्या बिनसलं तर आपल्याच दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात! डोमेन मीच घेतलं. घेतल्यावर ईमेल पत्ता पडताळायची मेल येते, ती जाहिरात समजून पुसू नका. डॉट कॉमच्या बाबतीत 15 दिवसांत पडताळणी झाली नाही तर वेबसाइटचा पत्ताच बंद पडू शकतो.

वेबसाइट वर्डप्रेस या तयार सॉफ्टवेअरवर करायची होती; पहिला आठवडा त्याच्या थीम, म्हणजे तयार साचे, बघण्यातच गेला. सरकते फोटो, 'आमचं ध्येय', 'आमची मूल्यं'. मी एकटा माणूस, कसली 'आमची' मूल्यं? ताई ते वाचून हसली. म्हणाली, "लोक फोनवर काय विचारतात तेवढं लिही की."

वही काढली. डुगडुगणारी खुर्ची घट्ट होते का? वाळवी लागलेलं लाकूड घेता का? घरी येऊन बघता का? किती दिवस लागतात? खर्च किती? उत्तरं लिहिली आणि पान जवळजवळ तयार झालं. फक्त खर्चाशी अडलो. आधी 'त्यासाठी संपर्क साधा' असं लिहून मोकळा झालो होतो, पण मलाच ते टाळाटाळ केल्यासारखं वाटायला लागलं. मग खर्च कशावर ठरतो ते लिहिलं: किती सांधे सुटलेत, जुनं पॉलिश खरवडावं लागेल का, तुटलेला भाग नव्याने घडवायचा का.

फोटोंनी घाम काढला. मोबाइलमधून काढलेले फोटो तसेच चढवले होते, एकेक 4000 पिक्सेल रुंद, 5 एमबीचा. घरच्या वायफायवर छान दिसायचे. बाहेर मोबाइल डेटावर उघडलं तर अर्धं पान पांढरंफटक. रुंदी 1200 पिक्सेलवर आणली, वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये सेव्ह केले, तेव्हा प्रत्येकी 200 केबीच्या आत बसले.

वेबसाइट सुरू झाली आणि तीन आठवडे गूगलवर तिचा पत्ताच नाही. दुकानाचं अख्खं नाव टाकून शोधलं तरी नाही. वेबसाइट ज्यांच्या सर्व्हरवर ठेवली त्या होस्टिंगवाल्यांशी वाद घातला, तो उगाचच. चूक माझीच होती. काम चालू असताना कुणाला दिसू नये म्हणून वर्डप्रेसच्या 'रीडिंग' सेटिंगमध्ये सर्च इंजिनला मनाई करणारी टिक मीच लावली होती. ती काढली, सर्च कन्सोल या गूगलच्याच साधनातून पान पुन्हा तपासायला सांगितलं; काही दिवसांत दिसायला लागलं.

चौकशीच्या फॉर्मची तर वेगळीच तऱ्हा. एकही मेल येईना, म्हणून स्पॅम उघडलं तर तिथे चार जण वाट बघत बसलेले. मेल एसएमटीपीने, म्हणजे रीतसर मेल सर्व्हरमधून, पाठवायचं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायची जास्तीची सोय) टाकल्यावर ते थांबलं. तरी फॉर्म खाली ढकलला आणि फोन नंबर सगळ्यात वर आणला, बोट लावलं की थेट कॉल लागेल असा.

परवा एका बाईंचा फोन आला. पॉलिश केलेल्या, चकाकत्या फोटोंबद्दल चकार शब्द नाही. म्हणाल्या, "तो दुरुस्तीच्या आधीचा फोटो आहे ना, हात निखळून लोंबतोय तो? आमची खुर्ची अगदी तश्शी आहे."