२७ नंबरचा मारिओ

‘फोनवर हवे तेवढे गेम असताना ही व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट अजून कशाला जपून ठेवलीयस?’ घरी येणारा प्रत्येक जण शोकेसकडे बघून हे विचारतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

कॅसेटवर छापलंय, ‘९९९९९९९ इन १’. शुद्ध थाप. गणपतीला मुंबईहून वेंगुर्ल्याला येताना काकांनी ती आणली, आणि त्या रात्री आम्ही भावंडं एकेक नंबर लावून बघत बसलो. खरे गेम पाच-सहाच. मारिओ, रणगाड्यांचा बॅटल सिटी, रोड फायटर, सर्कस चार्ली, गॅलॅक्सियन. बाकी सगळी यांचीच पिलावळ, नावं बदलून. काका ओशाळले. दुकानदाराला त्यांनी घातलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

पाच-सहाच का, ते बऱ्याच वर्षांनी कळलं. निंटेंडोचं फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, १९८३ साली जपानात आलं; आमचं मशीन त्याची स्वस्तातली नक्कल. सुरुवातीचे गेम अगदी चिमुकले. १९८५ चा सुपर मारिओ अख्खा ४० केबीचा, गॅलॅक्सियन तर १६. एका चिपमध्ये असे बरेच बिऱ्हाडकरू मावतात. मेनूत नंबर निवडला की चिपचा तेवढाच तुकडा मशीनसमोर येतो. यादी लांबवायची तर गेम तोच ठेवून सुरुवातीची पातळी तेवढी बदलायची.

आणि इथेच खरी गंमत होती. मारिओत जगं, म्हणजे मोठे टप्पे, आठ; सेव्ह करायची सोय नाही. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट टिकते कधी? वारा सुटला, एखादं झाप तारेवर पडलं, की गेली. तिसऱ्या जगापलीकडे सरळ मार्गाने मी कधी पोचलोच नाही. पण २७ नंबर लावला की मारिओ थेट सातव्या जगात हजर! काकांना जी फसवणूक वाटली, ती आमच्यासाठी वाचनखूण होती. कुठला नंबर कुठे नेतो, ते भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं. लाईट आली की नंबर लावायचा आणि आजीचं ‘मेल्यांनो, डोळे फुटतले तुमचे!’ ऐकू यायच्या आत खेळ सुरू. पुढे एका मित्राकडे एकाच गेमची ओरिजिनल कॅसेट खेळलो. सुबक होती, पण लाईट गेली की पुन्हा श्रीगणेशा.

जपणं मात्र कटकटीचं. खाऱ्या हवेत साठच्या साठ पिनांवर हिरवट थर चढतो. लहानपणी फुंकर मारायचो. खरं तर कॅसेट काढून घालताना पिना घासल्या जायच्या, श्रेय फुंकरीला. तोंडाच्या वाफेने गंज वाढायचा तो वेगळाच. आता आधी खोडरबर, मग स्पिरिटचा बोळा.

गेल्या रविवारी भाचीच्या हातात रिमोट दिला. तिने ४१ लावला आणि वैतागली, ‘मामा, हापण तोच आहे!’

म्हटलं, आकाश बघ. काळं होतं. सहावं जग.