सहावीच्या वर्गात गटवाचन बसवताना

एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ओळीवर बोट ठेवून ऐकायचे, ही वाचनाची पद्धत पुण्यातील महानगरपालिकेच्या शाळेत सहावीला मराठी शिकवताना मी बंद केली, कारण आपली पाळी होऊन गेली की मुलांचे बोट ओळीवर आणि लक्ष खिडकीबाहेर असे. त्याऐवजी पॅलिन्सर आणि ब्राउन या संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलेली परस्पर अध्यापनाची पद्धत घेतली. चौघांच्या गटात अंदाज बांधणे, प्रश्न विचारणे, अडलेले उलगडणे आणि सारांश सांगणे ही कामे दर परिच्छेदाला आळीपाळीने बदलतात.

अंदाज सगळ्यांनाच आवडला; घोडे अडले ते प्रश्नांपाशी. स्वाध्यायांच्या सवयीने ‘कोण कोणास म्हणाले’ यापलीकडे मुले जाईनात. मग ज्याचे उत्तर पुस्तकातल्या एका ओळीवर बोट ठेवून दाखवता येईल तो प्रश्न बाद, असा नियम केला आणि ‘तो तेव्हाच खरे का बोलला नाही?’ अशा धर्तीचे प्रश्न हळूहळू येऊ लागले. सारांश मात्र अजूनही पहिले आणि शेवटचे वाक्य उतरवून दिला जातो.

माहितीपर पाठांना मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिनच्या शाळांत सुरू केलेली जिगसॉ पद्धत अधिक मानवली. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन योजनेवरील उतारा मी चार तुकड्यांत वाटला. सारखाच तुकडा मिळालेली मुले आधी एकत्र बसून तो समजून घेतात आणि मग आपापल्या गटात परतून इतरांना सांगतात. हौदांचा तुकडा मिळालेल्या मुलीला पाणी वर न खेचता शहरात आलेच कसे हे कळेना. जमिनीच्या उताराचा भाग ज्याच्याकडे होता तो एरवी वाचायला उभाच राहत नसे, त्याने पाटीवर तिरपी रेघ मारून ते दाखवले. कथेचे असे तुकडे करू नयेत, शेवट आधी कळला की मुलांना बाकीची कथा नकोशी होते, असे माझे मत आहे.

गलका होतो आणि शेजारच्या वर्गाची कुरकुर ऐकावी लागते, ती मी ऐकून घेते. गुणांबाबत मात्र मी ठाम आहे: चर्चा गटात, पण त्यानंतरची छोटी चाचणी प्रत्येकाची स्वतंत्र आणि वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात नोंद तिचीच, नाहीतर एक हुशार मूल राबते आणि तिघे त्याच्या जिवावर पास होतात.