कन्नड कार्डं: जोड्या फोडल्यानंतरची नोंद

केंपु आणि कप्पु अखेर सुटे झाले. केंपु म्हणजे लाल, कप्पु म्हणजे काळा. कन्नड शिकताना अख्खा पावसाळा ही दोन कार्डं एकमेकांच्या जागेवर बसत होती. अंकीत (कार्डांवरून शब्दांची उजळणी करून घेणारं अ‍ॅप) शिकून झालेलं कार्ड ८ वेळा विसरलं की त्यावर ‘लीच’चा, म्हणजे जळूचा, शिक्का बसतो (सेटिंग बदललं नसेल तर), आणि सेटिंग तसं ठेवलं असेल तर ते आपोआप बाजूलाही पडतं. माझी लीचची यादी उघडून बघितली तर एकटा-दुकटा शब्द क्वचितच, बाकी सगळे जोडीनं. निन्ने आणि मोन्ने, म्हणजे काल आणि त्याच्या आदला दिवस. हिंदे आणि मुंदे, मागे आणि पुढे. तम्म आणि तंगि, धाकटा भाऊ आणि धाकटी बहीण. ईरुळ्ळि आणि बेळ्ळुळ्ळि, कांदा आणि लसूण.

हे शब्द आले कुठून, तर पुस्तकातून. एका पानावर रंग, दुसऱ्यावर नातीगोती, तिसऱ्यावर भाज्या. मी पानं होती तशी भरली होती, आणि अंकी नवी कार्डं भरलेल्या क्रमानंच समोर आणतं. मग एका सकाळी सगळे रंग, दुसऱ्या सकाळी सगळं गणगोत.

यावर अभ्यास झालेला आहे आणि तो आपल्यासारख्या कार्डवाल्यांनी वाचावा असा आहे. थॉमस टिंकम यांनी १९९३ साली बनावट शब्द घेऊन प्रयोग केला. एकाच गटातल्या वस्तूंची नावं एकत्र पाठ करायला दिली की एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त वेळ लागतो, असं त्यात दिसलं. रॉब वॉरिंग यांनी १९९७ मध्ये तोच प्रयोग जपानी विद्यार्थ्यांवर करून पाहिला, निकाल तसाच. त्याच वर्षी टिंकम यांनी आणखी एक भेद केला. बेडूक, तळं, उडी मारणं, पोहणं, हिरवा, बुळबुळीत असे एकाच प्रसंगातले शब्द एकत्र दिले तर अडथळा होत नाही, उलट मदत होते. म्हणजे गट करण्यात वाईट काही नाही; एका खुर्चीसाठी भांडणारे शब्द एका दिवशी शिकू नयेत, एवढंच. ‘लाल’ आणि ‘काळा’ वाक्यात एकाच जागी बसतात. ‘बेडूक’ आणि ‘पोहणं’ शेजारी बसतात.

मग मी प्रत्येक जोडीतला जास्त लागणारा शब्द ठेवला आणि दुसरा सस्पेंड केला, म्हणजे तात्पुरता बंद ठेवला. पहिला झोपेतही आठवेल असा पक्का झाल्यावरच दुसऱ्याला दार उघडायचं. नव्या कार्डांचा क्रम रँडम केला. आणि पुस्तकाची पानं सोडून जागेनुसार गट पाडले. पहिला गट अंबाबाईच्या रांगेचा, कारण तिथं उभं राहिलं की मागून-पुढून कन्नड कानावर पडतंच: हूवु (फूल), तेंगिनकायि (नारळ), बागिलु (दार), सालु (रांग), निल्लु (उभा राहा), कै मुगि (हात जोड). एकही शब्द दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. हा गट इतका सहज बसला की त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नाही.

दुसरा गट कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मार्केटचा, आणि तिथं मजा झाली. चिकोडीकडच्या एका भाजीवाल्या मावशींना मी मोठ्या ऐटीत “ईरुळ्ळि बेकु” (कांदा हवा) म्हणालो. त्या हसल्या. “उळ्ळागड्डी म्हण की रं! तुझं पुस्तक बेंगळूरचं दिसतंय.” उत्तर कर्नाटकात कांद्याला उळ्ळागड्डीच म्हणतात. त्या दिवसापासून कांदा-लसणाचा गोंधळ मिटला. उळ्ळागड्डी आणि बेळ्ळुळ्ळि कानाला इतके लांबचे आहेत की अदलाबदल व्हायला वावच नाही.

यावरून मला एक शंका आली. अर्थ जवळचा असणं हा अर्धाच दोष असावा. आवाजही जवळचा असला की खरी भानगड होते. कोल्हापूरकराला लाल-पांढरा ही जोडी फोडायला सांगणं म्हणजे ताटातला तांबडा रस्सा ठेवून पांढरा परत पाठवणं. मी ती फोडलीच नाही. केंपु आणि बिळि (पांढरा) एकाच दिवशी शिकलो आणि कधी अडलो नाही, कारण दोन्हींत कानाला सारखं असं काही नाही. बेकु आणि बेड (हवं, नको) मात्र सुरुवात सारखी असल्यामुळं बराच काळ छळत होते. मावशींच्या तोंडी ‘ब्याडा’ ऐकलं आणि तेही सुटलं. एकट्या माझ्या डेकवरून (कार्डांच्या गठ्ठ्यावरून) नियम काढता येत नाही, हे कबूल, पण तुमच्या लीचच्या यादीत आवाजसारखे किती आहेत ते बघाच.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे. नाकाता आणि सुझुकी यांच्या २०१९ च्या अभ्यासात एका गटातल्या शब्दांमुळं अदलाबदलीच्या चुका वाढल्या, पण शेवटच्या चाचणीतल्या गुणांत म्हणावा असा फरक पडला नाही. त्यामुळं पुस्तकाची पानं फाडून टाका असं मी म्हणणार नाही. शिवाय जोडी कायमची तोडूनही चालत नाही. कप्पु आत घेतला तो ‘कप्पु कूदलु’ (काळे केस) म्हणून, केंपु आधीच ‘केंपु मेणसिनकायि’ला (लाल मिरची) बांधलेला होता, आणि दोन्ही पक्के झाल्यावर मुद्दाम शेजारी ठेवून तपासले. हा समोरासमोरचा टप्पा मला आवश्यक वाटतो, फक्त तो शेवटी यावा.

अडलंय ते आकड्यांवर. आकडे फोडायचे कसे? ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु असं ओळीनं म्हणताना गाडी सुरळीत धावते, पण मावशींनी नुसतं ‘आरु’ (सहा) म्हटलं की मी मनात ओंदुपासून जिना चढतो. तोवर गिऱ्हाईक पुढं सरकलेलं असतं. म्हणून आता ओळ बाजूला ठेवून भाव घेतलेत: हत्तु, इप्पत्तु, ऐवत्तु, नूरु (दहा, वीस, पन्नास, शंभर). नोटांवर दिसणारे तेवढेच. ऐवत्तु (पन्नास) नीट बसेपर्यंत अरवत्तु (साठ) सस्पेंड. एप्पत्तु (सत्तर) तर डेकमध्ये घातलेलाच नाही, इप्पत्तुच्या (वीस) इतका जवळचा आहे तो. कुणी आकडे वेगळ्या रीतीनं बसवले असतील तर कार्डाची पुढची-मागची बाजू कशी ठेवली तेही लिहा.