सकाळचा लाल, रात्रीचा लाल

रंगावरून घरात मतभेद होणं रोजचंच आहे. पण दोघंही खरं बोलताहेत आणि तरी एकमेकांना खोटं पाडताहेत, असं मी एका घराच्या रंगकामावर पहिल्यांदा पाहिलं. अजूनही ते डोक्यातून जात नाही.

पुस्तकांची खोली, चारही भिंती गडद लाल करायच्या. शेड कार्डावरून तीन लाल निघाले होते. त्यांना अ, ब आणि क म्हणू. घरमालक सरांचं ठाम मत, अ आणि ब एकच आहेत. मॅडम म्हणत होत्या, अ सरळसरळ विटकरी आहे आणि ब काळपट किरमिजी. हे दोन एक कसे दिसतात यांना? मला बोलावलं होतं निकाल द्यायला. दुकानातल्या मशीनने निकाल आधीच दिला होता: अ आणि ब मधला डेल्टा ई, म्हणजे दोन रंगांतला फरक सांगणारा आकडा, 0.7. हा आकडा 1 च्या खाली असला की नजरेला सहसा फरक कळत नाही. त्या आकड्याच्या जोरावर दुकानदाराने मॅडमना गप्प बसवलं होतं. तो आकडा दिवसाच्या उजेडासाठी काढलेला असतो, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं.

आधी नमुने नीट करून घेतले, कारण भिंतीवर जुन्या क्रीम रंगावर मारलेले हातभर पॅच काही कामाचे नव्हते. क्रीमच्या शेजारी कुठलाही लाल असतो त्यापेक्षा गडद दिसतो, आणि गडद लाल एका हातात कधीच झाकत नाही. ज्यात रंगद्रव्यं मिसळतात त्या त्याच्या मूळ रंगात, बेसमध्ये, पांढरं टिटॅनियम डायऑक्साइड जवळजवळ नसतंच, आणि लाल सेंद्रिय रंगद्रव्यं स्वतः पारदर्शक. खालचा क्रीम वर डोकावतो आणि लाल गुलाबी वाटायला लागतो. म्हणून जाड पुठ्ठ्याचे ए-2 तुकडे घेतले, त्यांना मधल्या छटेचा करडा प्रायमर दिला, भिंतीला देणार होतो तोच. त्यावर प्रत्येक रंगाचे दोन हात, लहान लवेच्या रोलरने. कडेला चार बोटं पांढरी पट्टी सोडली, म्हणजे आजूबाजूचा रंग डोळ्याला फसवत नाही. रंग छोट्या टेस्टरमधला न घेता सॅटिनच्या, म्हणजे हलकी चमक असलेल्या रंगाच्या, डब्यातलाच घेतला. टेस्टर मॅट होता. तीच शेड मॅटमध्ये फिकी आणि सॅटिनमध्ये खोल दिसते. निम्म्या तक्रारी इथेच जन्मतात. ओल्या रंगावर तर मत देऊच नये. ओलं इमल्शन दुधट असतं, वाळलं की गडद होतं. रात्रभर ठेवलं.

सकाळी अकराला खिडकीशेजारी पुठ्ठे उभे केले. आडवे ठेवून बघायचं नाही, भिंत उभी असते. दर अर्ध्या मिनिटाने नजर करड्या तुकड्यावर न्यायची, कारण लालकडे टक लावलं की डोळा थकतो आणि पुढचा लाल मळका वाटतो. अ आणि ब खरोखर जुळे होते. क एक कणभर उजळ. सर जिंकले असंच वाटलं.

मग डब्यांच्या झाकणावरचं फॉर्म्युल्याचं लेबल वाचलं. हे कुणीच वाचत नाही आणि सगळं तिथेच लिहिलेलं असतं. अ मध्ये भरपूर लाल ऑक्साइड, त्याला किरमिजीची जोड. ब मध्ये ऑक्साइड नावालाही नाही. सेंद्रिय लाल आणि थोडा काळा. क मध्ये सेंद्रिय लाल जास्त, ऑक्साइड थोडं. एकाच रंगाला पोचायच्या तीन वाटा. तेव्हाच मी मॅडमना म्हणालो, तुम्ही हे पुठ्ठे कधी बघता? त्या म्हणाल्या, ऑफिसातून आल्यावर, दिवा लावून.

संध्याकाळी परत गेलो. पडदे ओढले, छतातले चारही एलईडी लावले, आणि माझ्यासमोर जुळे फुटले. अ विटेकडे झुकला. ब बुजला, वाळलेल्या डागासारखा तपकिरी. सर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.

एका उजेडात जुळणारे रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसतात, याला मेटामेरिझम म्हणतात. सेंद्रिय लाल साधारण 600 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अलीकडचा बहुतेक सगळा उजेड गिळतो आणि त्यापुढे एकदम उजळतो. ऑक्साइड म्हणजे गेरूच्या जातीचं. ते हळूहळू चढतं, थोडा नारिंगीही परत देतं. स्वस्त एलईडीत खोल लाल उजेडच कमी असतो, मग ब ला परत द्यायला काही उरत नाही. बल्बच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा गुणांक, 80 छापलेला होता आणि लोक त्यावर विसंबतात. तो आकडा म्हणजे ठरलेल्या रंगनमुन्यांपैकी पहिल्या आठ फिकट नमुन्यांची सरासरी असते. गडद लालचा नमुना नववा, आर-9, आणि तो त्या सरासरीत धरतच नाहीत. 80 च्या बल्बचा आर-9 शून्याच्या आसपास असू शकतो. हे खोक्यावर मोठ्या अक्षरात छापायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी सीआरआय 90 च्या वरचे, आर-9 50 च्या पुढे असलेले चार बल्ब लावून पाहिले. अ आणि ब पुन्हा जवळ आले, ब तर जिवंत झाला. दोघांनीही ब वर बोट ठेवलं. पुढचं काम सरळ: करडा प्रायमर, रंगाचे तीन हात, दोन हातांत पुरेसं अंतर, कारण एका लिटरला 80-90 मिली टिंटर, म्हणजे मशीनमधून घातलेलं रंगद्रव्य, गेलेला रंग सावकाश वाळतो. सुरुवातीलाच सगळे डबे एका बादलीत एकत्र केले, नाहीतर डबा बदलतो तिथे भिंतीवर जोड दिसतो. चारही भिंती झाल्यावर लाल पुठ्ठ्यापेक्षा जास्त पेटलेला दिसला. भिंती एकमेकींवर लाल फेकतात, त्याची कल्पना आधीच दिली होती.

काम छान झालं. तरी मला वाटत राहतं की क घ्यायला लावायला हवं होतं. जुन्या बल्बखाली तो थोडा मावळला होता, पण मेला नव्हता. ब हा त्या चार बल्बांवर उभा आहे. उरलेल्या डब्यावर मी फॉर्म्युला, बॅच, रोलरची लव आणि बल्बचा आर-9 असं सगळं चिकटवून दिलंय, बल्बचं एक खोकं मॅडमना जपून ठेवायला सांगितलंय. चार वर्षांनी एक बल्ब जाईल, घाईत कुणीतरी हाताला येईल तो लावेल, आणि खोलीचा एक कोपरा तपकिरी होईल. तेव्हा ते रंगाला दोष देतील की बल्बला, हे मला फार जाणून घ्यायचंय.