कॉव्हेंट्रीचे खिळे, ड्रेस्डेनचा क्रूस

टाटांनी जग्वार लँड रोव्हर ही मोटार कंपनी घेतल्यापासून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत मराठी बरंच कानावर पडतं. सुट्टी मिळाली की आपली मंडळी लंडन नाहीतर शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्ड गाठतात, आणि गावातलं पडकं कॅथेड्रल राहून जातं. माझ्या मते आधी ते पाहावं.

१४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी हे कारखान्यांचं शहर जाळून काढलं. पाचशेहून जास्त माणसं गेली. मध्ययुगीन सेंट मायकेल कॅथेड्रलच्या बाहेरच्या भिंती आणि मनोरा तेवढा उरला. तिथले पाथरवट जॉक फोर्ब्ज यांना छताच्या दोन जळक्या तुळया एकमेकींवर आडव्या पडलेल्या दिसल्या. त्यांनी त्या बांधून क्रूस उभा केला. छपराच्या जुन्या खिळ्यांचेही क्रूस झाले, आणि पुढे ते कील, ड्रेस्डेन, बर्लिन अशा जर्मन शहरांना भेट गेले.

तिथले प्रमुख धर्मगुरू होते रिचर्ड हॉवर्ड. युद्ध जिंकल्यावर मोठं मन दाखवणं त्या मानाने सोपं. या माणसाने त्याच वर्षीच्या नाताळात, बॉम्ब पडणं थांबलेलं नसताना, त्या भग्न वास्तूतून बीबीसीवर सांगितलं की सूडाचा विचार मनातून काढायचा. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांचे दात-ओठ आवळले असतील!

ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी फेब्रुवारी १९४५मध्ये ड्रेस्डेन जाळलं, तिथे सुमारे २५,००० माणसं मेली. तिथलं फ्राउएनकिर्श हे चर्च कोसळलं आणि पूर्व जर्मनीच्या काळात दगडांचा ढीग म्हणूनच पडून राहिलं. २००५मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. त्याच्या घुमटावरचा सोनेरी क्रूस ब्रिटनमध्ये लोकवर्गणीतून झाला. घडवणारे लंडनचे कारागीर ॲलन स्मिथ. त्यांचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकांपैकी एक होते. कुठल्याही पुतळ्यापेक्षा मला हे मोठं वाटतं.

पुतळेही आहेतच. कॉव्हेंट्रीच्या अवशेषांत गुडघे टेकून एकमेकांना कवटाळलेलं स्त्री-पुरुषांचं शिल्प आहे, जोसेफिना द वास्कोंसेलोस यांचं. मूळ काम १९७७चं, ब्रॅडफर्ड विद्यापीठासाठी केलेलं. युद्धानंतर नवऱ्याला शोधत युरोपभर पायपीट करणाऱ्या एका बाईच्या हकिकतीवरून सुचलेलं. १९९५मध्ये त्याची एक प्रत इथे बसली, तशीच दुसरी हिरोशिमात. सगळे फोटो याच्याचपाशी काढतात. जवळच हेल्मुट हाइन्झे यांचं दुसरं शिल्प आहे, वाचलेल्यांचा समूह, एकमेकांना खेटून उभा. ड्रेस्डेनच्या चर्चने २०१२मध्ये दिलेलं. ते गोड नाही, म्हणून असेल, पण त्याच्यापुढे कोणी फारसं थांबत नाही. मला तेच जास्त खरं वाटतं: वाचलेल्यांना मिठी मारायला समोर कोणी असतंच असं नाही.

जायचं तर शुक्रवार बघा. दुपारी बाराला अवशेषांतच सलोख्याची प्रार्थना होते. कोट मात्र जाड घाला, वर छप्पर नाही.